डिस्क उतरवताना काय ठेवायचं: सीडी लायब्ररीवाल्याच्या वहीतून

कोल्हापूरच्या राजारामपुरीत २००३ ते २०१४ माझी सीडी लायब्ररी होती. व्हीसीडीला दिवसाचे १० रुपये, डीव्हीडीला २०, अनामत १००. शनिवारी संध्याकाळी काउंटरपुढं पाय ठेवायला जागा नसायची. पुढं पोरं पेनड्राइव्ह घेऊन यायला लागली, ‘काका, ह्यातच टाकून द्या की’ म्हणायला लागली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. दुकान बंद झालं आणि ११४० डिस्क माळ्यावर आल्या. घरच्या मंडळींनी तीन दिवाळ्या दम धरला. चौथ्या दिवाळीच्या साफसफाईला शेवटची नोटीस आली: एकतर सीड्या जातील, नाहीतर तुम्ही त्यांच्याबरोबर माळ्यावर राहायला जा.

मग ४ टीबीची हार्ड डिस्क आणली, भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्ह जोडला आणि एकेक डिस्क रिप करायला, म्हणजे हार्ड डिस्कवर उतरवायला, बसलो. पहिल्या ६० डिस्क मी आडमुठ्यासारख्या केल्या. मुख्य पिक्चर, पहिला ऑडिओ, बाकी कचरा. त्यात एक इंग्रजी पिक्चर होता, नाव सांगत नाही, अजून लाज वाटते. त्यावर ऑडिओ ट्रॅक दोन, दोन्हींवर ‘इंग्लिश, स्टिरिओ’ एवढंच लिहिलेलं. दोन्हींचं पहिलं मिनिट ऐकलं. दोन्हीकडं तेच टायटलचं संगीत. म्हटलं, एकच माल दोनदा भरलाय. दुसरा उडवला, डिस्क भंगारात घातली. सहा महिन्यांनी भाचा म्हणतो, ‘मामा, त्यात दिग्दर्शक पिक्चरभर स्वतः बोलतो ना, तो ट्रॅक कुठाय?’ टायटल संपल्यावर तो बोलायला सुरुवात करत होता. मी तिथवर ऐकलंच नव्हतं.

तेव्हा वही घातली. दुकानात असताना कोण कुठली सीडी घेऊन गेलं ते लिहायचो, आता सीडीच्या पोटात काय आहे ते लिहितो. ठेवायचं की टाकायचं हे ठरवताना डोक्यात प्रश्न एकच: ही गोष्ट उद्या मला दुसरीकडं कुठं मिळेल का? मिळणार असेल तर जागेचा विचार करायचा. मिळणार नसेल तर जागेचा विचार करायचाच नाही.

कायद्याचं एका वाक्यात सांगतो, कारण दुकानदार म्हणून हा प्रश्न मला कायम यायचा. स्वतः विकत घेतलेली डिस्क, स्वतःच्या घरात बघायला, एवढ्यापुरतंच हे सगळं आहे. आपल्याकडं २०१२च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए आलं; हक्क मोडायच्या हेतूनं डिस्कचं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. उतरवलेली फाइल गल्लीभर वाटायची नाही, नेटवर चढवायची तर अजिबात नाही.

आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर

डिस्क थेट कॉम्प्युटरात घालू नका. आधी टीव्हीच्या प्लेअरला लावा, मेनू उघडा आणि मेनूत जे जे दिसतं ते कागदावर उतरवा. पाच मिनिटांचं काम आहे. कॉम्प्युटरवर तुम्हाला नुसते आकडे दिसतात, ‘टायटल ४, १४ मिनिटं’. टायटल म्हणजे इथं डिस्कवरचा एक सलग तुकडा. त्या १४ मिनिटांत काय आहे ते मेनू सांगतो.

नमुना म्हणून ४१७ नंबरची डिस्क घ्या. मराठी नाटक आहे. वहीत नोंद अशी: ‘मेनूत: नाटक बघा, प्रवेश निवडा, मुलाखत, आमची इतर नाटकं. ऑडिओ एकच. सबटायटल नाही.’

मग तीच डिस्क मेकएमकेव्हीत लावली. हा प्रोग्राम चित्राला आणि आवाजाला हात न लावता डिस्कवरचा माल जसाच्या तसा एमकेव्ही फाइलीत भरून देतो, म्हणून मी तोच वापरतो. यादीत पाच टायटल आली: २ तास २१ मिनिटं ८ सेकंद, १ तास १२ मिनिटं ४० सेकंद, १ तास ८ मिनिटं २८ सेकंद, १४ मिनिटं १० सेकंद, ३ मिनिटं ५५ सेकंद. बेरीज करून बघा. दुसरं आणि तिसरं मिळून बरोबर पहिलं होतं. म्हणजे नाटकाचे दोन अंक सुटे दिलेत आणि जोडूनही दिलेत. डिस्कवर चित्र एकदाच आहे, वाटा दोन आहेत. सगळ्यांना टिक करून ठेवलीत तर हार्ड डिस्कवर मात्र ते दोनदा बसेल. मी जोडलेलं ठेवलं, कारण त्यात प्रवेशांचे चॅप्टर होते, सुट्यांत नव्हते. मालिकेच्या डिस्कवर नेमकं उलटं करायचं. तिथं सगळे भाग एका लांब टायटलमध्ये असतात आणि सुटेही असतात. सुटे घ्यायचे, लांबडं सोडायचं.

१४ मिनिटं म्हणजे मुलाखत, ३ मिनिटं ५५ सेकंद म्हणजे ‘आमची इतर नाटकं’. संपलं? नाही. मेकएमकेव्ही दोन मिनिटांपेक्षा, म्हणजे १२० सेकंदांपेक्षा लहान टायटल मुळात दाखवतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा १० वर आणा आणि डिस्क परत उघडा. ४१७मध्ये आणखी तीन तुकडे वर आले. दोन फालतू, कंपनीचा लोगो आणि कॉपी करू नका म्हणणारी पाटी. तिसरा ४८ सेकंदांचा: बंद मखमली पडदा, खुर्च्यांची सळसळ, तिसरी घंटा, आणि प्रयोगाची घोषणा. डिस्क लावली की मेनूच्या आधी हा तुकडा आपोआप वाजायचा, आणि दुकानात मी तो शेकडो वेळा रिमोटनं पुढं ढकलायला बघितला असेल. मेनूत तो नव्हता, १२० सेकंदांच्या गाळणीतून तो पडून गेला असता. आता नाटकाच्या फोल्डरात पहिली फाइल तीच आहे.

ऑडिओ: कानानं ठरवायचं

लेबलावर विश्वास ठेवू नका. डिस्क बनवणाऱ्यानं भाषेचा कोड घाईत टाकलेला असतो. माझ्याकडच्या कितीतरी मराठी डीव्हीडींवर आवाज चोख मराठी आणि लेबल ‘इंग्लिश’. आता तुम्ही मेकएमकेव्हीत पसंतीची भाषा मराठी लावून बसलात, की दोन-तीन ट्रॅकच्या डिस्कवर तो शहाणा दुसऱ्या भाषांच्या टिक आपोआप काढतो, आणि त्यात तुमची मराठीच जाते. म्हणून मी पहिल्यांदा सगळे ट्रॅक घेतो, मग व्हीएलसी या प्लेअरमध्ये फाइल लावून ऐकतो. कीबोर्डवर ‘बी’ दाबलं की ऑडिओ ट्रॅक बदलतो, ‘व्ही’ दाबलं की सबटायटल. ऐकायचं तीन ठिकाणी: दहाव्या मिनिटाला, मध्यंतराच्या आसपास आणि शेवटच्या संवादांत. पहिल्या मिनिटावर कधीही ठरवायचं नाही. कारण वर सांगितलंच.

ऐकून झाल्यावर ठेवायचं काय? जे नट ज्या भाषेत बोलले ती भाषा, हा पहिला मान. त्यानंतर निवेदनाचा ट्रॅक, म्हणजे दिग्दर्शक, छायाचित्रकार, कधी एखादा अभ्यासक पिक्चर चालू असताना बोलत असतो तो. ही रीत १९८४मध्ये अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीनं लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) सुरू केली, आणि नंतर डीव्हीडीवर ती सर्रास झाली. मराठी डिस्कवर हे मला जवळजवळ मिळालंच नाही. पण असेल तर सोडू नका. पिक्चर उद्या कुठल्यातरी ॲपवर येईल, माणूस बोललेला तिथं येईलच असं नाही.

डबिंगच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे. जाणकार मंडळी डब म्हटलं की नाक मुरडतात. इंग्रजी पिक्चरचा हिंदी डब मी बहुतेक वेळा सोडतो, कारण तो टीव्हीवर दर रविवारी असतो. पण लहान मुलांच्या एखाद्या पिक्चरचा मराठी डब असला तर मूळ भाषेच्या आधी तो ठेवतो. तो आवाज परत कुठं शोधायचा?

आता ५.१ची, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा डबा अशा सहा वाटांच्या आवाजाची भानगड. जुन्या हिंदी-मराठी पिक्चरच्या डीव्हीडीवर पुढं मोठं लिहिलेलं असायचं, ‘५.१ डॉल्बी डिजिटल’. अहो, जो पिक्चर त्या काळात मोनो, म्हणजे एकाच वाटेच्या आवाजात झाला त्याला पाच दिशा आणल्या कुठून? काही ठिकाणी लोकांनी मनापासून काम केलंय, ते ऐकायला चांगलं वाटतं. पण पुष्कळ ठिकाणी तोच मोनो आवाज सगळ्या स्पीकरवर पसरलाय, वर जरा घुमारा घातलाय, आणि संवाद विहिरीतून आल्यासारखे. तपासायचं असेल तर ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये ट्रॅक उघडा, त्यासाठी त्याला एफएफएमपेग हा दुसरा प्रोग्राम जोडलेला लागतो. सहा पट्ट्या दिसतील. पुढच्या डाव्या-उजव्या आणि मागच्या डाव्या-उजव्या पट्ट्यांचे डोंगर हुबेहूब एकसारखे असतील, आणि चौथी, खर्जाची पट्टी सपाट असेल, तर ते ५.१ नुसतं कागदावरचं आहे. अशा डिस्कवर शेजारी मूळ मोनो किंवा साधा २.०, म्हणजे स्टिरिओ, ट्रॅक असेल तर तो ठेवा आणि ५.१ सोडा. एकटं ५.१च असेल तर काय, गुमान ठेवायचं.

उलट गोष्टही आहे. खरा ५.१ असेल आणि शेजारचा २.० त्याच्यापासूनच दाबून केलेला असेल, तर तो २.० सोडला तरी चालतो. तुमचा प्लेअर हेच दाबायचं काम ऐनवेळी स्वतः करतो. पण तो २.० म्हणजे पिक्चरचं थिएटरातलं मूळ मिश्रण नाही ना, हे आधी ऐकून घ्या.

जागेचा हिशोब एकदाच करून दाखवतो, म्हणजे उगाच कंजुषी होणार नाही. अडीच तासांचा पिक्चर म्हणजे ९००० सेकंद. १९२ केबीपीएसचा (सेकंदाला १९२ किलोबिट) डॉल्बी स्टिरिओ ट्रॅक साधारण २१६ एमबी घेतो. ४४८चं ५.१ साधारण ५०४ एमबी. डीटीएस हा डॉल्बीसारखाच आवाजाचा दुसरा प्रकार; तो पूर्ण दराचा असेल, १५०९ केबीपीएस, तर जवळपास १.७ जीबी. आणि दाबलेला नसलेला पीसीएम आवाज, १५३६ केबीपीएसचा, तोही तेवढाच. आठ-साडेआठ जीबीच्या डिस्कमध्ये निवेदनाचे २०० एमबी म्हणजे उसाच्या ट्रॉलीतली एक मोळी. पीसीएम मात्र फ्लॅकमध्ये बदलून घ्या. त्यात आवाजाचा एक कणही जात नाही आणि जागा बरीच वाचते.

ब्लू-रेवर एक चकवा आहे. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओच्या पोटातच साधं डीटीएस असतं, आणि यादीत ते आणखी एक ट्रॅक म्हणून दिसतं. दोन्ही घ्यायची गरज नाही. घरातला साउंड सिस्टिमचा डबा जुना असेल आणि एचडी आवाज ओळखत नसेल, तर मात्र साधा डॉल्बी ट्रॅक बरोबर ठेवा, नाहीतर ऐन पाहुण्यांसमोर मुकपट बघायला लागतो.

आणि एक ट्रॅक लोक हमखास चुकून टाकतात: दृष्टिहीनांसाठीचा. त्यात पडद्यावर काय चाललंय ते एक आवाज सांगत असतो. परदेशी डिस्कवर असतो. माझा शाळूसोबती साखरेच्या आजारानं डोळे गमावून बसलाय. तो महिन्यातून एकदा येतो आणि आम्ही असलाच ट्रॅक लावून बघतो.

सबटायटल: टाकून वाचणार काहीच नाही

डीव्हीडीवर ३२ सबटायटल ट्रॅक बसू शकतात. ती अक्षरं नसतात, बारीक बारीक चित्रं असतात, तरी एक ट्रॅक काही एमबीत आटोपतो. त्यामुळं भाषा कळत नाही म्हणून काढायची तर काढा, जागेसाठी काढू नका. मी इंग्रजी, हिंदी आणि पिक्चरची मूळ भाषा एवढी ठेवतो. अरबी, मलय, डच काढतो, ते फक्त यादी लांबडी होते म्हणून.

इंग्रजी दोन-तीन वेळा दिसलं की थांबा. एक साधं असतं, एक बहिऱ्यांसाठीचं असतं (त्यात दार वाजलं, पाऊस पडतोय हेही लिहितात), आणि एक कधीकधी निवेदनाच्या ट्रॅकचं असतं. तुम्ही निवेदन ठेवलं असेल तर तिसरंही ठेवा. त्या लोकांचं भरभर इंग्रजी माझ्यासारख्याला वाचूनच कळतं.

खरी गंमत ‘फोर्स्ड’ सबटायटलची. पिक्चर इंग्रजी आहे, पण मध्येच दोन माणसं रशियनमध्ये कुजबुजतात, तेवढ्यापुरती खाली अक्षरं येतात. टीव्हीच्या प्लेअरला हे बरोबर कळतं. रिप करताना तुम्ही सगळी सबटायटलं काढलीत तर नेमका कट शिजतो तिथं पडदा कोरा. मेकएमकेव्हीत सबटायटलच्या खाली ‘फक्त फोर्स्ड’ असा वेगळा पर्याय दिसतो, त्याला टिक ठेवा. तशी अक्षरं डिस्कवर नसतील तर रिकामा ट्रॅक आपोआप गळतो.

मराठी डिस्कवर सबटायटल असलं तर बहुधा इंग्रजीच, आणि गाणं लागलं की तेही गप्प. तरी ठेवा. माझी पुतणी न्यू जर्सीत असते, तिची पोरं मराठी समजतात पण नाटकातल्या कोट्या त्यांच्या डोक्यावरून जातात. तिनं माझ्याकडून फाइल नाही, माझी जुनी डिस्कच मागून नेली, तीही सबटायटल आहे म्हणून.

एक्स्ट्रा

इथं माझा हात सढळ आहे. मुलाखत ठेवायची, कशीही असली तरी. ४१७वरच्या मुलाखतीत कॅमेरा हलतो, मागं पंखा घरघरतो, आणि प्रश्न विचारणारा दिसतच नाही. पण त्या १४ मिनिटांत एक ज्येष्ठ नट दौऱ्यावरच्या बसचं, नेपथ्याच्या ट्रकचं आणि एका गावात वीज गेल्यावर पेट्रोमॅक्सवर केलेल्या प्रयोगाचं सांगतो. चित्रीकरणाचे तुकडे, कापलेले प्रसंग, त्याच पिक्चरचा ट्रेलर, हेही ठेवायचं. कापलेले प्रसंग कधी एका टायटलमध्ये सलग असतात, कधी दहा सुट्या तुकड्यांत; सलग असेल तर सलगच घ्या.

गाण्यांचा मेनू सोडून द्या. आपल्याकडच्या डिस्कवर ‘गाणी’ म्हणून जे असतं ते बहुतेक वेळा पिक्चरमधल्याच जागांवर उडी मारणं असतं. यादीत पाच-सहा मिनिटांची सात-आठ टायटल दिसली तर मुख्य पिक्चरमधलं गाणं आणि ते टायटल शेजारीशेजारी लावून बघा. तेच असेल तर चॅप्टरला गाण्याचं नाव द्या, काम भागलं. एखादं गाणं पिक्चरमध्ये कापलेलं आणि इथं पूर्ण, असंही दोनदा निघालं.

फोटोंची गॅलरी नीट उतरत नाही, स्क्रीनशॉट घ्या. खेळ, क्विझ असलं मेनूशिवाय चालत नाही, त्याचा नाद सोडा. पण मेनूच सुंदर असेल, किंवा डिस्क दुर्मीळ असेल, तर सगळ्या डिस्कची आयएसओ फाइल करून ठेवा. त्यात मेनूसकट सगळं येतं आणि निवडायची कटकटच राहत नाही. मी असं ११४०पैकी ३०-३५ डिस्कचंच केलंय.

जाहिराती? ‘लवकरच येत आहे’, ‘आमची इतर नाटकं’ वगैरे. याबाबतीत मी बदललो. आधी बेधडक टाकायचो. मग लक्षात आलं की त्यात अशा नाटकांचे तुकडे आहेत ज्यांची डिस्क मी अकरा वर्षांत बघितली नाही. आता एका कंपनीची एक जाहिरात फीत एकदाच ठेवतो. २००७ला मोझर बेअर या सीडी बनवणाऱ्या कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली तेव्हाच्या डिस्क माझ्याकडं ढिगानं आहेत. दोन-तीन दिवसांच्या भाड्यात विकतची सीडी पडायला लागली आणि माझ्या धंद्याला पहिली चीर तिथं गेली. त्या डिस्कच्या सुरुवातीचे तुकडे मी जपून ठेवलेत.

व्हीसीडीचं वेगळं

व्हीसीडी मेकएमकेव्हीला वाचता येत नाही. डिस्क उघडून ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरात जा, तिथं ‘एव्हीसेक०१.डॅट’ अशा फाइली दिसतील. बहुतेक वेळा त्या सरळ कॉपी होतात आणि व्हीएलसीत वाजतात. पहिली फाइल लहानशी असेल तर ती कंपनीचा लोगो. मोठी फाइल म्हणजे माल. ७४ मिनिटांत सीडी भरायची, म्हणून पिक्चर दोन किंवा तीन सीड्यांवर असतो. ते तुकडे एकापुढं एक जोडता येतात; नाटक असेल तर मी जोडत नाही, अंकानुसार राहू देतो.

व्हीसीडीला परत कॉम्प्रेस करू नका. ३५२ बाय २८८चं चित्र, ११५० केबीपीएस. आधीच उकळून पाणी झालंय. एक तास ६०० ते ६५० एमबीत बसतो, आणखी काय वाचवणार?

इथं ट्रॅक निवडायचे नसतात, पण एक छुपी जोडी असते. कराओकेच्या व्हीसीडीत डाव्या बाजूला नुसतं संगीत आणि उजव्या बाजूला गायकासकट, किंवा उलट, असं भरलेलं असतं. हाँगकाँगच्या मारामारीच्या व्हीसीड्या माझ्याकडं आल्या होत्या, त्यात एका कानात कँटनीज आणि दुसऱ्यात मँडरीन. ऐकणाऱ्याला वाटतं रेकॉर्डिंग बिघडलंय. स्टिरिओचं मोनो करायला जाऊ नका, दोन्ही भाषांची खिचडी होईल. फाइल जशी आहे तशी ठेवा आणि नावात लिहा: ‘डावा कान संगीत, उजवा कान गाणं’.

लग्नाच्या डीव्हीड्या

शेजारपाजारचे लोक आता या माझ्याकडं घेऊन येतात, म्हणून लिहितो. या डिस्क घरी बर्न केलेल्या, त्यांचा रंगाचा थर उडत जातो. पिक्चरच्या डिस्क थांबतील, आधी या उतरवा. कुलूप नसतं, ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर तसाच कॉपी होतो. पुसायची तर मऊ सुती कापडानं, मधून कडेकडं, गोल फिरवून नाही. तरी अडकली तर डीडीरेस्क्यू हा लिनक्सवरचा प्रोग्राम लावा आणि रात्रभर सोडून द्या. तो आधी वाचता येईल तेवढं उचलतो, खराब जागांकडं नंतर परत फिरून येतो.

स्टुडिओवाले सगळ्या चित्रणावर सिनेमाची गाणी चढवतात. खाली भटजींचा आवाज, हशा, रडणं, सगळं गाडलेलं. पण गल्लीतल्या एका डिस्कवर शेवटी मेनूत न दाखवलेलं ११ मिनिटांचं टायटल निघालं. कापायचं आणि गाणं चढवायचं राहून गेलेलं. पंगत चालू आहे, वाढपी ‘जिलबी, जिलबी’ ओरडतोय, आणि नवरदेवाची आत्या सहा ओळींचा उखाणा घेतेय; चौथ्या ओळीला अडखळते आणि कुणीतरी मागून सांगतं. आत्या २०१६ला गेल्या. चित्रं होती त्या घरात, आवाज नव्हता. एकूण टायटलची लांबी आणि मेनूतल्या गोष्टींची लांबी जुळत नाही असं दिसलं, की न जुळणारं टायटल पहिल्यांदा उघडून बघा.

नावं, खुणा आणि मग भंगार

ठेवलेल्या ट्रॅकला नाव दिलं नाहीत तर वर्षभरानं तुम्हीच ‘ऑडिओ २’ काढून टाकाल. एमकेव्हीटूलनिक्स हा एमकेव्ही फाइली दुरुस्त करायचा प्रोग्राम आहे, त्याच्या हेडर एडिटरमध्ये फाइल उघडा. भाषा दुरुस्त करा, जिथं ‘इंग्लिश’ खोटं आहे तिथं मराठी लावा. ट्रॅकला देवनागरीत नाव द्या: ‘मूळ मोनो’, ‘दिग्दर्शकाचं निवेदन’, ‘मराठी डब’. मूळ आवाजाला ‘डिफॉल्ट’ची खूण होय, बाकी सगळ्यांना नाही. हे राहिलं तर एखादा टीव्ही सरळ निवेदनच वाजवतो, आणि आमच्या घरी त्यावरून एकदा ‘हा मेला पिक्चरमध्ये बोलतोय कोण’ अशी विचारणा झालीय. फोर्स्ड सबटायटलला फोर्स्डची खूण लावा. याला दोन मिनिटं लागतात, फाइल परत बनवावी लागत नाही.

फाइल लहान करायची असेल तर हँडब्रेक हा प्रोग्राम. पण त्याच्या तयार सेटिंगवर सोडलंत तर तो तुमच्या भाषेचा पहिलाच ऑडिओ घेतो, म्हणजे एवढं ऐकून, निवडून ठेवलेलं एका क्लिकमध्ये गेलं. ऑडिओच्या पानावर जाऊन सगळे ट्रॅक घाला आणि आवाज ‘पासथ्रू’ ठेवा, म्हणजे हात न लावता. सबटायटल चित्रावर ‘बर्न’ होऊ देऊ नका. डीव्हीडीच्या चित्राला आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितकं चित्र चांगलं) १८ ते २० लावतो, मुलाखतीला २२ चालतं. शेवटची फाइल एमकेव्हीच ठेवा.

एक्स्ट्रा पिक्चरच्याच फोल्डरात, आत ‘इंटरव्ह्यूज’, ‘डिलीटेड सीन्स’, ‘ट्रेलर्स’ असे इंग्रजी अक्षरांतल्या नावाचे उपफोल्डर करून टाका. जेलीफिन (घरच्या फाइली टीव्हीवर दाखवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर ती नावं तो ओळखतो आणि पिक्चरच्या पानाखाली आपोआप लावतो. मराठी नाव दिलंत तर ओळखत नाही, मी करून बघितलंय.

डिस्क लगेच देऊन टाकू नका. फाइल दुसऱ्या हार्ड डिस्कवरही गेली पाहिजे, आणि पिक्चर टीव्हीवर एकदा अखेरपर्यंत बघितला पाहिजे, मध्ये चित्र अडकतं का ते कळायला दुसरा मार्ग नाही. कव्हर ३०० डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. ट्रॅकचा घोळ झाला की तिथंच बघायचं असतं. मी डिस्कवर मार्करनं बारीक टिक करतो, उतरवली की एक, बघितली की दुसरी. दोन टिकवाल्या खाली येतात. माळ्यावर अजून ३८० आहेत, त्यातल्या ५२ एका टिकेच्या.